शंभर तासांचा खेळ

हे लिहिताना पेन माझ्या उजव्या हातात आहे. गेल्या वर्षी या दिवसांत या हाताला चमचाही धरवत नव्हता. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, "सिंधूताई, रोज एक पान लिहा. बोटांना व्यायाम होईल. पुढं तुमच्यासारखी एखादी बाई आली तर तिला वाचायला देऊ." मला चारचौघांत बोलता येत नाही. लिहिण्याचं बरं असतं, वही मिटून ठेवता येते. कुणाला द्यायचीच झाली तर पहिलं पान फाडून ठेवून मगच देईन, त्यावर माझं पूर्ण नाव आहे.

चप्पल

आम्ही पुण्याजवळ दिघीला राहतो. मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या लाईनवर नऊ वर्षं काम केलं. उभ्या फळीवर वायरी लावायच्या आणि त्यांची टोकं प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये बसवायची. पहिल्या दिवशी तीन शब्द शिकवतात: ढकल, टक्, ओढ. वायर ढकलायची, टक् असं लागलं की बसली, मग हलकं ओढून खात्री करायची. मशिनच्या आवाजात ते टक् ऐकू येत नाही. ते बोटांना कळतं.

लाईनच्या भिंतीवर तक्ता असतो. प्रत्येकीच्या नावापुढं गोल आणि गोलाचे चार भाग. शिकत असेल तर एक भाग भरलेला, कुणी शेजारी उभं राहिलं तर जमत असेल तर दोन, एकटीला जमत असेल तर तीन. दुसरीला शिकवू शकते तिचा गोल पूर्ण भरलेला. माझा पूर्ण होता. मी तक्त्यासमोर कधी थांबले नाही, पण जाता-येता बघायची.

त्या आठवड्यात आधी पोट बिघडलं होतं, ते बरंही झालं. मग तळपायांना मुंग्या आल्या. सोमवारी कंपनीच्या बसमध्ये चढले तर मागची बाई म्हणाली, "ओ ताई, चप्पल खालीच राहिली की तुमची!" माझ्या पायाला पत्ताच नव्हता. दुपारी वायर ढकलली आणि ती गेलीच नाही. पुन्हा ढकलली. बोटं दिसत होती, पण माझी वाटत नव्हती.

आमच्या डोक्यावर एक दोरी असते. काम अडलं की ती ओढायची, दिवा लागतो, लीडर नाही तर गोल भरलेली कुणी येते. तिनं तुमच्या हातातला पीस घ्यायचा नाही, हा नियम आहे. आधी विचारायचं, कुठं अडलं. हात मागे ठेवून शेजारी उभं राहायचं. ज्याचा पीस त्यानं पुरा करायचा, नाही तर तो शिकणार कधी? नऊ वर्षांत मी दुसऱ्यांच्या दिव्यावर धावत गेले होते. त्या दिवशी मी स्वतः दोरी ओढली, तीही कोपरानं.

शेजारच्या फळीवरून कविताच पळत आली. ती लातूरकडची, मीच तयार केलेली. "ताई? तुमी वढली दोरी?" असं म्हणून हसायला लागली. मग माझा चेहरा बघून थांबली.

एका श्वासात

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठीतलं पाणी तपासलं. डॉक्टर म्हणाले, जीबीएस. आपलंच शरीर आपल्या नसांवर उलटतं. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो. 'बहुतेक' हा शब्द मी दिवसभर ऐकत राहिले.

बाकीच्या तपासण्या मला समजल्या नाहीत. एक मात्र समजली. डॉक्टर दिवसातून चार वेळा यायचे आणि म्हणायचे, "श्वास घ्या आणि एका दमात आकडे म्हणा." पहिल्या दिवशी चोवीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी एकोणीस. मग पंधरा. मग अकरा. आणखी खाली गेलं तर घशात नळी घालावी लागेल, असं त्यांनी बाहेर सांगितलं होतं. पडदा पातळ असतो.

मी आकडे म्हणायला लागले की माझे मालक खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ओठ हलवायचे. ते कंपनीची बस चालवतात, बोलायला फटकळ. अकराला मी थांबले की तेही थांबायचे. दोन दिवस आम्ही दोघं अकरावर थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बारा म्हटलं. ते बाहेर गेले. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाले, "उद्या तेरा म्हन. मी हायच."

दवाखान्याचा दिवस पहाटे अंग पुसण्यानं सुरू व्हायचा. मला त्याचीच सर्वांत भीती. मी घरात पदर नीट केल्याशिवाय दार उघडत नाही, आणि इथं मान सोडून काही हलत नव्हतं. पहिल्या दिवशी रडू आलं, तर ते पुसायलाही हात नव्हता. तिथल्या मावशी म्हणाल्या, "लाजू नगा, मी डोळं मिटून पुसते."

"मग नाकात बोळा जाईल की," मी म्हटलं.

त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की सिस्टर बघायला आली. त्यानंतर मावशी रोज आधी पडदा ओढायच्या, चारी बाजूंनी बघायच्या आणि मगच चादर काढायच्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही. अशा माणसांना पुढं कुठं शोधायचं?

रेणू, आमची एकुलती मुलगी, आयटी कंपनीत आहे. मारुंजीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. ती दुपारी लॅपटॉप मांडीवर घेऊन खाटेजवळ बसायची. दहावीपासून तिला व्हिडिओ गेमचा नाद. मी त्यावरून तिला खूप बोलले होते. एकदा मला हसवायचं म्हणून ती सांगू लागली, "आई, एक गेम आहे, पुरा करायला शंभर तास लागतात. अख्खा देश आहे त्यात. नद्या, गावं, बाजार. मी जपून ठेवलाय. घरी गेलीस की आपण लावू."

मी म्हटलं, "शंभर तास कुणी बघितलेत बाई? तू उद्याचं बोल."

ती गप्प बसली. तेव्हा मला वाटलं, तिला राग आला.

थांबणारा खेळ

सहा आठवड्यांनी घरी आले ते चाकाच्या खुर्चीवर. पाय हळूहळू परतत होते, हात मात्र मागे राहिले होते. मॅडमनी मातीचा गोळा दाबायला दिला, खुंट्या दिल्या, मोठी बटणं दिली. मला कंटाळा यायचा. खुंटी पडली की कुणीतरी उचलून परत हातात द्यायचं आणि ती परत पडायची. दिवसातून पन्नास वेळा आपण निकामी असल्याची आठवण.

रेणूनं घरून काम मागून घेतलं होतं. एका रविवारी तिनं टीव्हीला मशिन जोडलं आणि कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला. "मॅडमना विचारलंय. दोन अंगठे आणि त्यांच्या शेजारची बोटं, हीच हवीत ना तुला लाईनवर? यात तीच लागतात."

त्या मुलीनं माझ्यासाठी खेळ कसे निवडले ते लिहिलं पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला उपयोग होईल तर त्याचाच. तिनं वहीत प्रत्येक खेळापुढं गोल काढले होते, आमच्या तक्त्यासारखे. कोणतं बोट किती लागतं, त्याचा एकेक गोल. आणि एक रकाना होता, 'थांबतो का?' मी विचारलं, हे काय? म्हणाली, "काही खेळ तुझ्यासाठी थांबत नाहीत, शत्रू येऊन मारतोच. काही थांबतात. आधी तुझी पाळी, मग त्यांची. तुला बटण दाबायला दहा मिनिटं लागली तरी राक्षस समोर उभाच राहतो."

असं एखादं जग असेल असं मला वाटलंच नव्हतं. दवाखान्यात, घरी, बँकेत, सगळीकडे माझ्यामुळं लोक खोळंबत होते. इथं सात डोक्यांचा राक्षस गुमान उभा. ज्यानं हे बनवलं त्याला आजारी माणूस ठाऊक असणार.

पहिला खेळ आम्ही थांबणाराच घेतला. त्यात आपण एक माणूस व्हायचं, गावोगाव फिरायचं, लोकांची कामं करायची आणि हळूहळू ताकद वाढवायची. सुरुवातीला खेळ आपलं नाव विचारतो. मी म्हटलं, "नाव नको. काहीही टाक." रेणूनं 'आई' टाकलं. सगळं इंग्रजीत होतं, ती वाचून दाखवायची. राजाला तिनं दिघीच्या जुन्या म्हाताऱ्यांचा आवाज दिला, "काय गं बये, तलवार घेतल्याबिगर निघालीस व्हय?"

माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती आठ दिवसांनी रेणूच्या लक्षात आली. त्या गावातल्या घरांची दारं उघडी असतात. आत मडकी, पेट्या, त्यांत औषधं, पैसे, तलवारी. मी कुणाच्या घरात गेलेच नाही. दारात उभी राहायची आणि पुढं निघायची. जंगलात पहिल्याच लांडग्यानं मला लोळवलं. रेणूला कळेना.

"आई, तुझ्याकडं एकही औषध कसं नाही? घरांत शोधलं नाहीस?"

"न विचारता कुणाच्या घरात कशी शिरू?"

"अगं, ते तुझ्यासाठीच ठेवलेलं असतं!"

"मग त्यांनी द्यावं की हातात."

ती जमिनीवर लोळून हसली. पण मी काही शिरले नाही. पेटी न उघडता, लोकांची कामं करून जे मिळेल त्यावर, हळूहळू मी तो खेळ पुरा केला. दोन महिने लागले. रेणू म्हणाली, असं खेळलेलं तिनं कधी बघितलं नाही. उजवा अंगठा चांगला हलू लागला होता.

राखेचा किल्ला

कंपनीनं सहा महिने माझी जागा ठेवली होती. त्यानंतर ट्रेनिंगच्या खोलीत परीक्षा. तीस कनेक्टर, ठरलेल्या वेळात. बसले तर लाईनवर परत, नाही तर घरी. सहा आठवडे उरले होते आणि बोटांच्या शेंड्यांना अजून काही लागत नव्हतं. ढकलता येत होतं. टक् कळत नव्हतं.

पुढं कोणता खेळ घ्यायचा यावरून घरात वाद झाला. रेणूनं तीन मांडले. एक, पहिल्या खेळाचाच पुढचा भाग, थांबणारा. दुसरा, तो शंभर तासांचा. तिसऱ्याला आम्ही 'राखेचा किल्ला' नाव ठेवलं. तो फार अवघड. त्यात शत्रू थांबत नाही. चूक झाली की मेलात, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत तसं लिहून येतं.

रेणू म्हणाली, "पहिला घेऊ. तुला सवय आहे."

मॅडम म्हणाल्या, "वेग तिसऱ्यानं येईल. पण मन मोडलं तर व्यायामच बंद पडेल. तुम्ही ठरवा."

मोठ्या जाऊबाई चहाला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भाकरी थापायला हात न्हाईत आन् राक्षस मारायला हायत. मज्जा हाय बाई!"

हे म्हणाले, "वयनी, तुमी भाकरी पाठवा, ती राक्षस मारंल." जाऊबाईंनी दुसऱ्या दिवसापासून खरंच भाकरी पाठवल्या. बोलणं तिखट आणि भाकरी मऊ, असं त्यांचं आहे.

मी दोन दिवस विचार केला. थांबणारा खेळ मला आवडत होता, पण लाईन थांबत नाही. मी म्हटलं, "किल्ला लाव."

किल्ल्याच्या दारातच एक पहारेकरी आहे, हातात घंटेएवढा हातोडा. तो मला मारायचा. पडद्यावर लिहून यायचं, तू मेलीस. पहिल्या दिवशी मला ते बघवेना. अकरावर थांबलेले ते दोन दिवस आठवायचे. मग लक्षात आलं, मेल्यावर आपण शेकोटीजवळ परत उभे असतो. कुणी रागावत नाही. दार तिथंच, तो तिथंच, आणि त्याचा हातोडा कोणत्या बाजूनं येतो एवढं आपल्याला आता जास्त ठाऊक असतं. या खेळाला लोक निर्दयी म्हणतात, असं रेणू सांगते. मला तो कडक मास्तर वाटला. त्यानं एकदाही मला सोडून दिलं नाही, आणि एकदाही फसवलं नाही.

तीन आठवडे झाले तरी मी त्या दारातच होते. एका संध्याकाळी डावं बोट अडकलं, मी पुन्हा मरायला आले, आणि रेणूनं कंट्रोलर माझ्या हातातून ओढून घेतला. चार फटक्यांत तिनं पहारेकरी पाडला. दार उघडलं. "झालं एकदाचं! चल आता पुढं."

मी कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडले. "माझा पीस का घेतलास?"

तिला समजलंच नाही. मला लाईनचा नियम नीट सांगता येईना, रडायला येत होतं. मी एवढंच म्हणाले, "दोरी ओढली की शेजारी उभं राहायचं असतं. हातातून काढून घ्यायचं नसतं. पाच महिने सगळेच काढून घेतात. चमचा, फणी, बटण. हे एकच माझं होतं."

तीही रडली. म्हणाली, "मला बघवत नाही गं, आई. रोज तू मेलीस, तू मेलीस असं येतं पडद्यावर. मी दवाखान्यातसुद्धा तुझ्या आकड्यांच्या वेळी बाहेर जायचे. माझं ऑफिस बघायचं की तुझं? मला वाटलं, एवढं तरी लवकर संपावं." तेव्हा मला कळलं की शंभर तासांच्या बोलण्यावर ती का गप्प झाली होती. तो राग नव्हता.

मग तिनं जे केलं त्याचं मला आजही मोल वाटतं. डोळे पुसले, कुठली तरी बटणं दाबली आणि ती जिंकलेली फेरी पुसून टाकली. दार पुन्हा बंद. पहारेकरी पुन्हा उभा. तिनं कंट्रोलर माझ्या मांडीवर ठेवला, हात पाठीमागं बांधले आणि शेजारी उभी राहिली. "कुठं अडलं?" तिनं विचारलं. आमच्या लाईनवरच्या कुठल्याच लीडरनं इतकं चांगलं विचारलं नसेल.

"डाव्या बोटाला," मी म्हटलं.

चार दिवसांनी तो पडला. पण मला आठवतं ते त्याच्या आधीचं. त्याचा हातोडा माझ्या ढालीवर बसला आणि माझ्या उजव्या हातात काहीतरी थरथरलं. मी थांबले, आणि अर्थातच मेले. "रेणू, हे हातातलं बिघडलं का? हलतंय हातात."

ती माझ्या बोटांकडं बघत म्हणाली, "आई, मार बसला की ते हलतंच. पहिल्या दिवसापासून हलतंय."

एक भाग

परीक्षेला हे स्वतः बसनं घेऊन गेले. ट्रेनिंगच्या खोलीत मोजायला कविता होती. तिचा गोल आता पूर्ण भरलेला. सुरू करायच्या आधी ती हळूच म्हणाली, "ताई, मला लई अवघड वाटायलंय. तुमीच शिकवलंय आन् मी तुमची परीक्षा घेऊ?"

"शिकवल्यासारखंच उभी राहा," मी म्हटलं.

ढकल. टक्. उजव्या बोटाला लागलं, बारीक, लांबून आल्यासारखं, पण लागलं. ओढ. डाव्या हातानं मात्र कळत नव्हतं. तिथं मी प्रत्येक वायर दोनदा ओढून बघत होते आणि वेळ जात होता. एक कनेक्टर सुटून खाली पडला. कविताचा हात पुढं आला आणि तिनं तो मागं घेतला. मी वाकले, उचलला, बसवला.

वेळ संपली तेव्हा चोवीस बसले होते. चोवीसपैकी एकाचीही वायर ओढल्यावर निघाली नाही. साहेबांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "वेगाच्या लाईनवर आता नाही पाठवता येणार. पण काम पक्कं आहे. ट्रेनी म्हणून सुरू करा, तीन महिन्यांनी परत बघू." कवितानं तक्त्यावर माझ्या नावापुढं नवा गोल काढला आणि त्याचा एक भाग भरला. तिचे डोळे भरले होते. माझे नव्हते. पहिल्या खेळात मी नुसत्या एका काठीनंच सुरुवात केली होती. पुढं कसं जायचं ते मला माहीत होतं.

घरी आल्यावर रेणूनं वही उघडली. ती पुढच्या आठवड्यात मारुंजीला परत जाणार होती. "मग, आता पुढं कोणता? किल्ला तर अर्धाच झालाय. नाही तर एक सोपा आणलाय, डाव्या हातासाठी."

मी म्हटलं, "तो मोठा लाव. शंभर तासांचा."

"मी शनिवार-रविवारीच येणार गं आता. मग तो वर्षभर पुरेल."

"पुरू दे."

हे आतून म्हणाले, "मंग वरीसभर भाकरी कोन करायचं?"

"तुम्ही शिका," रेणू म्हणाली. "मी शेजारी उभी राहते, हात मागं बांधून."

खेळ सुरू झाला. डोंगर दिसला, नदी दिसली, आणि मग पडद्यावर ती चौकट आली जिच्यात नाव टाकायचं असतं. रेणूनं सवयीनं हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला.

इंग्रजी अक्षरं मला वायरींवरच्या लेबलांमुळं येतात. अंगठ्यानं एकेक शोधलं. एस सापडायला वेळ लागला. मग आय. एन. डी. एच. यूला डावं बोट लागलं, ते दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बसलं.

मग पुढं जायचं बटण दाबलं.